ट्रेलरसाठी घराबाहेर ३० अँपचं आउटलेट बसवताना: अमेरिकेतल्या नवख्या मराठी ट्रेलरवाल्यांसाठी

ट्रॅव्हल ट्रेलर घेतला की थोड्याच दिवसांत लक्षात येतं की घराशेजारी नुसता उभा असतानाही त्याला वीज लागते. निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज गार करून ठेवायचा असतो, बॅटरी भरलेली हवी असते, आणि जुलैच्या दुपारी सामान लावताना आत एसी नसेल तर पाच मिनिटं थांबवत नाही. गॅरेजमधल्या साध्या १५ अँपच्या आउटलेटला अडॅप्टर लावून बॅटरी आणि फ्रिजचं भागतं. एसीचं भागत नाही. लांब, बारीक एक्स्टेंशनवर एसी चालवला तर कॉर्ड तापते, आणि ती तापलेली कॉर्ड सुक्या गवतावर पडलेली असते.

मी हे काम न्यू जर्सीत, स्वतःच्या घरी, परमिट काढून केलं. इंग्रजीत याबद्दल माहिती भरपूर आहे. तरीही मराठीत लिहितोय, कारण इथे होणारे काही घोटाळे आपण भारतातून सोबत आणलेल्या सवयींमुळे होतात आणि त्यांच्याबद्दल इथलं कोणी आपल्याला सावध करत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. पुढचं काही वाचलं नाहीत तरी एवढी लक्षात ठेवा: ३० अँपचं ट्रेलर आउटलेट १२० व्होल्टचं असतं, २४० चं नाही. लायसन्स असलेले इलेक्ट्रिशियनसुद्धा इथे चुकतात, आणि त्या चुकीची किंमत ट्रेलरमधली सगळी विद्युत उपकरणं भरतात.

## १. तुमचा ट्रेलर ३० चा की ५० चा, ते बघा

ट्रेलरच्या जाड केबलचा प्लग हातात घ्या आणि पिना मोजा.

तीन पिना असतील (दोन तिरकी चपटी पाती आणि एक गोल पिन) तर तो ३० अँपचा. त्याच्या आउटलेटचं नाव टीटी-३०. यातलं टीटी म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरच. चार पिना असतील तर तो ५० अँपचा आणि त्याला १४-५० आउटलेट लागतं. मध्यम आकाराचे, एका एसीचे ट्रेलर बहुतेक ३० चे असतात. दोन एसीचे मोठे ट्रेलर आणि फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायचे मोठे ट्रेलर) ५० चे.

या दोन आकड्यांमध्ये वाटतो त्यापेक्षा खूप मोठा फरक आहे. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट. ५० अँपच्या आउटलेटमध्ये १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र लाइन येतात, म्हणून तिथे १२,००० वॉट मिळतात. ३० वरून ५० वर जाताना वीज तिपटीहून जास्त होते.

## २. १२० आणि २४० चा घोटाळा नीट समजून घ्या

भारतात घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो, त्यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, विषय संपला. अमेरिकेत घरात तीन वायरी येतात: दोन गरम, म्हणजे आपल्या भाषेत फेज, आणि मध्ये एक न्यूट्रल. कुठलीही एक गरम वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट असतात. दोन गरम वायरींमध्ये २४०. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर चालतात. कपड्यांचा ड्रायर, विजेची शेगडी, घराचा मोठा एसी २४० वर.

आता इलेक्ट्रिशियनच्या नजरेने बघा. त्याच्या रोजच्या कामात ३० अँपचं आउटलेट म्हणजे ड्रायर, आणि ड्रायर म्हणजे २४० व्होल्ट. जुन्या घरांतलं तीन पिनांचं ड्रायर आउटलेट आणि टीटी-३० लांबून चुलत भाऊ दिसतात. दोघांनाही दोन तिरक्या फटी असतात. फरक तिसऱ्या भोकात असतो: ड्रायरचं इंग्रजी एल अक्षरासारखं, टीटी-३० चं गोलसर. ज्याने आयुष्यात ट्रेलर जोडलेला नाही, तो सवयीने दोन-पोलचा (दोन्ही गरम लाइनवर बसणारा) ब्रेकर टाकतो आणि पांढऱ्या वायरीतूनही गरम लाइन सोडतो. मग १२० व्होल्टच्या ट्रेलरमध्ये २४० व्होल्ट शिरतात. कन्व्हर्टर (ट्रेलरची बॅटरी भरणारं यंत्र), मायक्रोवेव्ह, एसी आणि फ्रिजचे बोर्ड काही क्षणांत जातात. ब्रेकर करंटकडे बघतो, व्होल्टेजकडे नाही, त्यामुळे तो वेळेवर वाचवेल या भरवशावर राहू नका.

आपल्या लोकांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. ३० अँप हा आकडा आपल्याला फार मोठा वाटतो, कारण आपल्याकडे गीझरचं पॉवर सॉकेटसुद्धा १६ अँपचं. पण १६ गुणिले २३० करून बघा: ३६८० वॉट. म्हणजे ट्रेलरचं हे अख्खं कनेक्शन आपल्या गीझरच्या सॉकेटपेक्षा तसूभर कमीच वीज देतं. एवढा जाड प्लग आहे म्हणजे २४० च असणार, हा अंदाज इथेच सोडून द्या.

इलेक्ट्रिशियनला काम देणार असाल तर तोंडी सांगू नका. कोटेशन मागतानाच लिहून द्या: आउटलेट टीटी-३०, १२० व्होल्ट, एक-पोल ३० अँप ब्रेकर, एक गरम, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. ड्रायरचं आउटलेट नव्हे. तो म्हणाला की ३० अँप नेहमी २४० चंच असतं, तर दुसरा माणूस शोधा.

## ३. रंगांची सवय मोडा

जिवावर बेतू शकेल असा हा मुद्दा आहे. भारतात घरच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग हे आपल्या डोळ्यांत बसलेलं असतं. अमेरिकेत काळी वायर गरम असते. पांढरी न्यूट्रल. उघडी तांब्याची किंवा हिरवी वायर ग्राउंड, म्हणजे आपलं अर्थिंग. लाल वायर दिसली तर ती दुसरी गरम लाइन.

गावी वडिलांबरोबर किंवा वायरमनच्या हाताखाली थोडंफार काम केलेल्यांना याचा धोका जास्त आहे. हात सवयीने काळ्या वायरीला निर्धास्त धरतो. पांढरी वायरही मीटर लावल्याशिवाय सुरक्षित मानू नका, कारण २४० च्या काही सर्किटमध्ये तिला काळी टेप गुंडाळून गरम म्हणून वापरतात.

आउटलेटवरच्या स्क्रूंना रंग असतात: पितळी स्क्रूला काळी, चंदेरीला पांढरी, हिरव्याला ग्राउंड.

## ४. अर्थिंगचा खड्डा इथे उपयोगाचा नाही

आपल्याकडे घर बांधताना खड्डा करून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करतात. त्यामुळे बाहेर आउटलेट बसवताना मनात येतं की तिथेच जमिनीत एक सळई ठोकू, पॅनेलपासून, म्हणजे घरातल्या ब्रेकरच्या पेटीपासून, ग्राउंडची वायर कशाला ओढायची. हे करू नका.

हिशोब सोपा आहे. सळई आणि माती यांचा रोध २५ ओहम धरा. १२० ला २५ ने भागलं तर ४.८ अँप. ट्रेलरच्या धातूच्या सांगाड्याला गरम वायर टेकली तर मातीतून जेमतेम एवढा करंट वाहील. ३० अँपचा ब्रेकर त्याने हलणारही नाही, आणि सांगाडा तसाच जिवंत राहील. ओल्या गवतात उभं राहून दाराच्या दांडीला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. ग्राउंडची तांब्याची वायर थेट पॅनेलपर्यंत गेलेली असेल तर त्याच दोषात प्रचंड करंट वाहतो आणि ब्रेकर ताबडतोब पडतो.

न्यूट्रल आणि ग्राउंड घराच्या मुख्य पॅनेलमध्ये एकमेकांना जोडलेले असतात. तिथे दोन्ही वायरी एकाच पट्टीवर दिसतात, म्हणून पुढेही ते एकच आहेत असा समज होतो. मुख्य पॅनेल सोडलं की आउटलेटमध्ये, सबपॅनेलमध्ये (मुख्य पॅनेलवरून पुढे नेलेल्या छोट्या पेटीत) किंवा ट्रेलरमध्ये ते कुठेही एकत्र यायला नकोत.

## ५. परमिट आणि कागद

बाहेर नवीन सर्किट म्हणजे परमिट लागतंच. अमेरिकेत विजेच्या कामाचा मूळ नियमग्रंथ एनईसी. तो दर तीन वर्षांनी नव्याने निघतो, पण प्रत्येक राज्य आपल्या सोयीने कुठली तरी आवृत्ती स्वीकारतं. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राने केलं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. आधी टाउनशिपच्या बिल्डिंग विभागाला दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे सध्या एनईसीची कुठली आवृत्ती लागू आहे, आणि मालक स्वतः काम करू शकतो का.

न्यू जर्सीत स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात मालकाला विजेचं काम स्वतः करता येतं. भाड्याच्या घरात नाही. टाउनहोम किंवा काँडो असेल तर आधी असोसिएशनला विचारा. अर्जासाठी साधारण हे लागतं:

- परमिटचा मुख्य अर्ज आणि विजेच्या कामाचा वेगळा अर्ज (न्यू जर्सीत एफ-१०० आणि एफ-१२०)
- घर घेताना मिळालेल्या प्लॉट सर्व्हेची प्रत. तिच्यावर पॅनेल कुठे, आउटलेट कुठे आणि चर कुठून जाणार ते पेनाने आखलेलं
- ब्रेकर, वायर, पाइप आणि आउटलेट यांची यादी, मापांसकट
- घरावरच्या एकूण लोडचा हिशोब, मागितला तर

लोडचा हिशोब २०० अँपच्या घरात सहसा अडत नाही. जुनं १०० अँपचं पॅनेल असेल आणि त्यावर विजेची शेगडी, ड्रायर, एसी, वर गाडीचा चार्जरही असेल तर मात्र तो नीट करून घ्या.

परमिटबरोबरच टाउनचा ट्रेलर उभा करण्याबद्दलचा नियमही बघा. पुष्कळ गावांत घराच्या पुढच्या बाजूला ट्रेलर ठेवता येत नाही, आणि ड्राइव्हवेवरच्या ट्रेलरमध्ये राहायला तर बहुतेक ठिकाणी मनाई असते. आई-बाबा भारतातून येणार आहेत, त्यांची झोपायची सोय ट्रेलरमध्ये करू, असा बेत असेल तर हे आधी वाचा.

## ६. आउटलेटची जागा

ट्रेलरमध्ये वीज घ्यायचं तोंड सहसा ड्रायव्हरच्या बाजूला असतं. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून ते डावीकडे, बरेचदा मागच्या अंगाला येतं. ट्रेलर ड्राइव्हवेत नाकासमोर लावता की मागे घेऊन लावता, यावर ती बाजू घराकडे येणार की शेजाऱ्याकडे ते ठरतं. ट्रेलर खरोखर उभा करा, केबल पूर्ण पसरा आणि मग खूण करा. कागदावर सोयीची वाटलेली जागा प्रत्यक्षात केबल ट्रेलरखालून ओढायला लावते.

भिंतीवर जमत असेल तर भिंतच घ्या. खांब उभारला की खणणं, पाया, गाडीचा धक्का लागण्याची भीती हे सगळं मागे येतं.

## ७. वायर किती जाड

अमेरिकेत वायरीची जाडी एडब्ल्यूजी क्रमांकाने सांगतात आणि आकडा जितका लहान तितकी वायर जाड. चौरस मिलिमीटरची सवय असलेल्यांसाठी: १० नंबर म्हणजे साधारण ५.३ चौरस मिलिमीटर, ८ नंबर ८.४, ६ नंबर १३.३.

३० अँपला तांब्याची किमान १० नंबर. ५० अँपला ६ नंबर. पण अंतर जास्त असेल तर किमान माप पुरत नाही. १० नंबरच्या तांब्याचा रोध १००० फुटांना सुमारे १ ओहम असतो. पॅनेलपासून आउटलेट १०० फुटांवर असेल तर जाऊन-येऊन २०० फूट, म्हणजे ०.२ ओहम. २५ अँप वाहिले की ५ व्होल्ट वाटेतच गेले, चार टक्क्यांहून थोडे जास्त. एनईसीची शिफारस तीन टक्क्यांच्या आत राहण्याची आहे. हेच अंतर ८ नंबरने केलं तर सुमारे ३ व्होल्ट जातात, अडीच टक्क्यांच्या आसपास. कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि लवकर मरतो. म्हणून ७०-८० फुटांपुढे मी तरी ८ नंबरच घेईन. तांब्याचा भाव लागतो, पण खणलेला चर पुन्हा उघडायचा नसतो.

वायरीचा प्रकारही महत्त्वाचा. थेट जमिनीत पुरायची तर यूएफ-बी. पाइपातून न्यायची तर टीएचडब्ल्यूएन-२ च्या सुट्या वायरी. घरात भिंतींमधून जाते ती पिवळी, केशरी आवरणाची एनएम-बी केबल बाहेर चालत नाही, पाइपात घालूनसुद्धा नाही. बाहेरच्या पाइपात पाणी साचतं आणि नियमही त्या पाइपाचा आतला भाग ओलाच मानतो. इन्स्पेक्शनमध्ये काम परत करायला लावणारी ही नेहमीची चूक आहे.

## ८. खणण्याआधी ८११

८११ हा देशभर चालणारा फुकट नंबर आहे. फोन करा किंवा ऑनलाइन अर्ज भरा, म्हणजे कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, केशरी फोन-इंटरनेट, हिरवा सांडपाणी. न्यू जर्सीत खणण्याआधी कामाचे तीन पूर्ण दिवस द्यावे लागतात. मिळालेला तिकीट क्रमांक जपून ठेवा.

बागेच्या स्प्रिंकलरच्या नळ्या, आधीच्या मालकाने गॅस ग्रिलकडे किंवा शेडकडे नेलेली लाइन, यांच्या खुणा ते करत नाहीत. त्या तुमच्या तुम्ही शोधायच्या. खूण असलेल्या जागेजवळ यंत्र लावू नका, हाताने खणा.

## ९. चर आणि पाइप

खोलीचे मुख्य आकडे: यूएफ-बी केबल थेट पुरली तर वर २४ इंच माती, पीव्हीसी पाइपात असेल तर १८ इंच, जाड लोखंडी पाइपात ६ इंच. घराच्या ड्राइव्हवेखालून जाताना या तिन्ही प्रकारांना १८ इंच. हे माप पाइपाच्या वरच्या कडेपासून मोजतात, म्हणून चर त्याहून थोडा खोल लागतो.

मला पीव्हीसी पाइप पटतो. सहा इंच कमी खणावं लागतं आणि उद्या जाड वायर घालायची झाली तर जुनी ओढून नवी घालता येते. ३० अँप करतानाही एक इंचाचा पाइप टाका. पुढे ५० चा ट्रेलर आला तर ६ नंबरच्या वायरी त्यातून जातील. जमिनीतून वर येणारा आणि धक्का लागण्यासारखा भाग शेड्यूल ८० च्या जाड पीव्हीसीचा हवा. दोन ओढ-जागांमध्ये (जिथून वायर ओढता येते अशा दोन पेट्यांमध्ये) वळणांची बेरीज ३६० अंशांपुढे नको, म्हणजे काटकोनातली चार वळणं. तीनच असतील तर वायर ओढणाऱ्याचे हात दुवा देतील. पाइपावर थोडी माती टाकून लाल धोक्याची पट्टी अंथरा, मग वरची माती.

आणि इन्स्पेक्टर चर बघून जाईपर्यंत तो बुजवू नका. पावसाचा अंदाज असला तरी नाही. ताडपत्री टाका, कडेला दोरी बांधा, मुलांना लांब ठेवा.

## १०. जोडणी

लागणारी हत्यारं: चांगलं मल्टिमीटर, स्पर्श न करता वीज दाखवणारा टेस्टर, वायर सोलायची पकड, पाइपातून वायर ओढायची फिश टेप, आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हर. शेवटच्याला चैन समजू नका. ढिला स्क्रू तापतो, आणि ३० अँपला तो आउटलेट वितळवतो. किती आवळायचं ते ब्रेकरवर आणि आउटलेटवर छापलेलं असतं, आणि नियमानेही तेवढंच आवळायचं असतं.

भारतातून आणलेल्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. त्याचा दिवा वीज आहे एवढंच सांगतो. १२० की २४० ते सांगत नाही, आणि हे सगळं काम तर त्याच प्रश्नाभोवती फिरतंय.

पॅनेल उघडण्याआधी मुख्य ब्रेकर बंद करा. तरीही रस्त्यावरून येणाऱ्या जाड वायरी जिथे मुख्य ब्रेकरला जोडलेल्या असतात ती टोकं जिवंतच राहतात. वीज कंपनीने तोडल्याशिवाय ती मरत नाहीत. तिथे हात, हत्यार, वायरीचं मोकळं टोक, काहीही जाता कामा नये. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर खणणं, पाइप, आउटलेट तुम्ही करा आणि पॅनेलमधलं काम लायसन्स असलेल्या माणसाला द्या. तुमच्याकडे नियम तशी वाटणी करू देतो का, हे परमिटच्या वेळीच विचारून ठेवा.

आधी साध्या ब्रेकरची जोडणी सांगतो; जीएफसीआय ब्रेकर असेल तर पांढरी वायर वेगळी जाते, ते पुढे येतंच. ३० अँपसाठी: काळी वायर एक-पोल ३० अँप ब्रेकरला, पांढरी न्यूट्रलच्या पट्टीला, ग्राउंड ग्राउंडच्या पट्टीला. ५० अँपसाठी: काळी आणि लाल दोन-पोल ५० अँप ब्रेकरला, बाकी तसंच. ५० च्या न्यूट्रलचा स्क्रू विशेष काळजीने आवळा. तो सुटला तर दोन्ही लाइनवरचं व्होल्टेज असमान होतं आणि एका बाजूची उपकरणं जळतात. ब्रेकर तुमच्या पॅनेलला मान्य असलेलाच घ्या, ती यादी पॅनेलच्या दारावर चिकटवलेली असते. खाचेत बसला म्हणजे चालतो असं नाही.

जीएफसीआयबद्दल थोडं जास्त सांगतो. करंट गळू लागला की वीज तोडणारं हे यंत्र, आपल्याकडच्या आरसीसीबीचं भावंड, पण फार हळवं. आपला घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँप गळतीला पडतो, हा ४ ते ६ मिलिअँपला. एनईसीच्या २०२० च्या आवृत्तीपासून घराबाहेरच्या ३० आणि ५० अँपच्या आउटलेटलाही जीएफसीआय लागतं. ते ब्रेकरमध्येच येतं. जोडताना सर्किटची पांढरी वायर ब्रेकरच्या न्यूट्रल स्क्रूला जाते आणि ब्रेकरची स्वतःची वेटोळ्याची पांढरी वायर पट्टीला. सर्किटची पांढरी थेट पट्टीला लावली तर लोड येताच ब्रेकर पडतो, आणि लोक ब्रेकर खराब समजून बदलत बसतात.

जोडणी बरोबर असूनही ट्रेलर लावताच जीएफसीआय पडला तर दोष बहुधा ट्रेलरमध्ये असतो. वॉटर हीटरची विजेची कांडी हा पहिला संशयित, विशेषतः टाकीत पाणी नसताना कधी तिचं बटण दाबलं गेलं असेल तर. दुसरा संशय: ट्रेलरच्या पॅनेलमध्ये कोणीतरी न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र केलेत. ट्रेलरमधले ब्रेकर एकेक करून लावत दोष शोधा. जीएफसीआय काढून साधा ब्रेकर घालायचा सल्ला देणारे भेटतील. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या धातूच्या खोलीत आपली मुलं चढ-उतार करणार आहेत, हे डोळ्यांसमोर ठेवा आणि तो सल्ला सोडून द्या.

बाहेरची पेटी अशी घ्या की प्लग आत असतानाही तिचं झाकण पूर्ण मिटेल.

## ११. मीटर लावल्याशिवाय ट्रेलर लावायचा नाही

ब्रेकर चालू करा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवा. टीटी-३० मध्ये:

- गरम ते न्यूट्रल: साधारण १२०
- गरम ते ग्राउंड: साधारण १२०
- न्यूट्रल ते ग्राउंड: जवळपास ०

कुठेही २४० दिसलं तर तिथेच थांबा, ब्रेकर बंद करा. ३० अँपच्या आउटलेटमध्ये २४० दिसायचं काहीच कारण नाही, कोणी कितीही समजावलं तरी.

१४-५० मध्ये दोन गरम वायरींमध्ये २४०, प्रत्येक गरम ते न्यूट्रल १२०, प्रत्येक गरम ते ग्राउंड १२०, न्यूट्रल ते ग्राउंड ०.

इलेक्ट्रिशियनने काम केलेलं असलं तरी तो दारात उभा असतानाच हे आकडे त्याच्यासमोर घ्या. इन्स्पेक्शन पास झालेलं असलं तरीही घ्या.

पहिल्या जोडणीच्या आधी ट्रेलरसाठीचं व्होल्टेज रक्षक यंत्र घेता आलं तर जरूर घ्या. इथे त्याला ईएमएस म्हणतात. चांगलं ईएमएस वीज आत सोडण्याआधी तपासतं आणि व्होल्टेज साधारण १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर असेल, ग्राउंड नसेल, तर सोडतच नाही. कॅम्पग्राउंडवरच्या जुन्या खांबांसाठीही ते तितकंच गरजेचं आहे. नुसता स्वस्त सर्ज प्रोटेक्टर हे काम करत नाही.

## १२. रोजचा वापर

लावताना आणि काढताना ब्रेकर बंद असू द्या. क्रम असा: ब्रेकर बंद, केबल ट्रेलरला, प्लग आउटलेटला, ब्रेकर चालू. लोड असताना प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पाती खराब होतात.

जोडल्यावर स्पर्शाविना चालणारा टेस्टर ट्रेलरच्या धातूच्या भागाजवळ धरा. तो वाजला तर कोणालाही ट्रेलरला हात लावू देऊ नका. ब्रेकर बंद करा आणि ग्राउंड कुठे तुटलंय ते शोधा.

३० अँपमध्ये काय एकत्र चालतं याचा अंदाज ठेवा. १३,५०० बीटीयूचा एसी १३ अँपच्या आसपास घेतो, वॉटर हीटरची १४०० वॉटची कांडी १२, इन्स्टंट पॉट ८ ते ९. तिन्ही मिळून ३० च्या वर जातात. भाताचा पॉट लावायचा असेल तर हीटर गॅसवर घ्या किंवा एसी तेवढा वेळ बंद ठेवा. तासन्तास चालणारा लोड २४ अँपच्या आत ठेवणं बरं. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर ट्रेलरमध्ये कुठल्याच आउटलेटवर चालणार नाही.

५० चं आउटलेट बसवलं असेल तर ३० चा ट्रेलर त्याला अडॅप्टरने लावता येतो. ट्रेलरचा स्वतःचा ३० अँपचा मुख्य ब्रेकर आत असतोच. तेच आउटलेट विजेवरच्या गाडीच्या चार्जरलाही वापरायचं असेल तर आउटलेट स्वस्तातलं घेऊ नका. ड्रायर तासभर चालतो, गाडी रात्रभर ४० अँप ओढते, आणि हलकी आउटलेटं त्यात वितळतात.

पहिला उन्हाळा संपला की ब्रेकर बंद करा, मीटरने खात्री करा आणि आउटलेट उघडून स्क्रू पुन्हा टॉर्कने तपासा. प्लगची पातीही बघा. ती तपकिरी पडली असतील किंवा भोवतीचं प्लास्टिक फुगलं असेल तर आउटलेट आणि केबलचा प्लग दोन्ही एकाच वेळी बदला. एकच बदललात तर जुन्या भागाची खराब पकड नव्यालाही तापवते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच काम निघतं.